हातावरची गोळी

चाकणच्या कांदा बाजारात माल शेतकऱ्याचा, गाळा दौलतराव अडत्याचा, पैसा व्यापाऱ्याचा आणि आवाज सोनबाचा, अशी वाटणी कितीतरी वर्षं ठरलेली होती. हमालांनी पोतं फोडून कांदा ओतला, साली उडाल्या, की सोनबा ढिगाशेजारी उभा राहून टोपी मागं सरकवी आणि बोली पुकारायला लागे. मग हायवेवर हॉर्न मारणारे कंटेनरसुद्धा त्याच्यापुढं पाणी भरत. "दोनशे दहा, दोनशे दहा, अरे कांदा बघा शेठ, मोबाईल काय बघताय, दोनशे वीस!" असं करत तो व्यापाऱ्याला चिडवायचा, चढवायचा आणि शेतकऱ्याच्या पदरात चार पैसे जास्त पाडायचा. खेड-शिरूरकडची माणसं ट्रॅक्टर उभा करायच्या आधी विचारायची, "सोनबा हाय का आज?" नसला तर माल उतरवायला का-कू करायची.

सोनबाला या गोष्टीचा गर्व होता, आणि तो का नसावा? बापजाद्यांची जमीन कंपनीच्या भिंतीआड गेली होती. ज्या वावरात त्यानं पाभर धरली तिथं आता गाड्यांचे दरवाजे तयार होत, आणि पाळी सुटल्याचा भोंगा थेट त्याच्या ओसरीत येऊन वाजे. मोबदला मिळाला, स्लॅबचं घर झालं, एकुलती एक लेक पूनम आळंदीला चांगल्या घरी पडली. "आता कशाला घसा फोडतोस, बस की घरी," असं कुणी म्हटलं की सोनबा म्हणे, "जमीन कंपनीनं न्हेली. गळा न्हाई न्हेला अजून."

पण गळ्यालाही नेणारा कुणीतरी असतोच. सोनबाच्या बाबतीत तो त्याच्या स्वतःच्या पोटातूनच निघाला. पहाटे उपाशीपोटी चहावर चहा, बाजार रंगात आला की तर्रीदार मिसळ, वर तंबाखूची चिमूट, आणि घरी येऊन जेवलं की लगेच आडवं व्हायचं. अशा माणसाच्या पोटानं किती दिवस गप्प बसावं? आधी छातीत जळायला लागलं. मग आंबट पाणी घशाशी यायला लागलं. दिवाळीच्या सुमाराला पुकारता पुकारता आवाज मधेच फाटायचा आणि व्यापारी गालातल्या गालात हसायचे. दौलतरावांनी माईक आणून दिला, तर माईकवर सोनबाची बोली कमी आणि खोकला जास्त ऐकू यायला लागला. माईक गेला परत.

शेवटी बायको विमलबाई त्याला काळेवाडीला स्वरूपा मॅडमकडं घेऊन गेली. मॅडम पोटविकाराच्या डॉक्टर, वयानं पूनमएवढ्याच. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, "काका, पोटातलं आम्ल वर घशापर्यंत येतंय. अन्ननलिका भाजतेय आणि आवाजाच्या तारासुद्धा. तंबाखू बंद, जेवून लगेच झोपायचं नाही, आणि गोळ्या नियमानं घ्यायच्या."

"गोळ्या किती परकारच्या असत्यात?" सोनबानं विचारलं. माल बघितल्याशिवाय बोली लावायची नाही ही त्याची सवय. "आन् यातली गोल्टी कुठली, नंबर एक कुठली?"

मॅडम हसल्या. गोल्टी म्हणजे बारका कांदा, हे त्यांना ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "समजा पोटात आम्ल उपसणाऱ्या मोटरी आहेत. पहिल्या प्रकारची गोळी मोटर चालू करायला निघालेल्या माणसाला अडवते. पण तो दुसऱ्या वाटेनं पोचू शकतो, म्हणून ती सौम्य. दुसऱ्या प्रकारची गोळी चालू मोटरच जाम करते. ती जास्त जोरकस, पण मोटर चालू झाली तरच तिला धरता येते, आणि मोटर चालू होते जेवणानं. म्हणून आधी गोळी, मग अर्ध्या तासानं खायचं. खाल्ल्यावर घेतली, किंवा घेऊन उपाशी राहिलात, तर बरीचशी वाया. तिसरी आता नवीन आलीय. ती मोटरीची वायरच काढून ठेवते, जेवणाची वाट बघत नाही. पण महाग ती चांगली असं नसतं हं काका. खालच्या पायरीवर भागलं तर वर कशाला चढायचं?"

सोनबाला हा हिशेब पटला. त्याला पहिल्या पायरीची गोळी मिळाली, फॅमोटिडीन.

आता एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. लग्न झाल्यापासून सोनबानं औषध म्हणून जे काही घेतलं ते विमलबाईच्या हातून. ताप असो, दाढ असो, ती हातावर गोळी ठेवणार आणि तांब्या पुढं करणार. कुठली, कशाची, तो कधी बघायचा नाही. चष्मा खुंटीवरच्या पिशवीत असायचा. बाजारात व्यापाऱ्याच्या डोळ्यांतला भाव ओळखणारा माणूस घरात हातावर पडेल ते गिळायचा. जुन्या घरांत असंच असतं. वाढलेलं ताट आणि दिलेली गोळी यांची कुणी तपासणी करत नाही. बाजारातल्या किसनच्या मेडिकलमधून गोळ्या आणायचं कामही विमलबाईचंच. किसन म्हणजे सोनबाचा शाळेपासूनचा दोस्त.

फॅमोटिडीननं एक दिवस बरं वाटे, दुसऱ्या दिवशी पुन्हा आग. मॅडमनी पायरी चढवली, पॅन्टोप्राझोल दिली. सोनबा पहाटे उठून गोळी घेई, घड्याळाकडं बघत बसे आणि अर्धा तास झाला की भाकरीचा तुकडा मोडी. त्यानं तंबाखू सोडली, मिसळीकडं पाठ फिरवली, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्या. एवढं करूनही जळजळ कमी होण्याऐवजी वाढली. मॅडमनी तीच गोळी दोन वेळा करून दिली. तरी काही नाही.

"काका, गोळ्या नीट घेताय ना?" मॅडमनी एकदा विचारलं.

सोनबाला राग आला. "मॅडम, माझी बायकू सोता हातावर ठेवती. चुकायची बातच न्हाई." शेजारी बसलेल्या विमलबाईनं पदर सारखा केला.

संक्रांतीनंतर मॅडमनी दुर्बीण घालून आतून पाहिलं. अन्ननलिका खालून चांगलीच सोललेली निघाली. इतक्या औषधानं ती भरून यायला हवी होती, का आली नाही याची खात्री करावी म्हणून त्यांनी आतला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. त्या शब्द जपून वापरत होत्या, पण तुकडा तपासायला गेला म्हणजे काय ते चाकणमध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. तो आठवडा सोनबाच्या घरात चूल पेटली ती नावाला. विमलबाईनं आळंदीला नारळ बोलला. ती रोज देवापुढं बसून रडायची. सोनबाच तिला समजवायचा, "आगं, मला काय हुतंय? यमाला गाळ्यावर आणला तर त्याच्यासंगं बी भाव करीन मी." आणि आश्चर्य म्हणजे त्याच आठवड्यात जळजळ थोडी निवली. सोनबानं ते नारळाच्या खात्यावर लिहून टाकलं.

रिपोर्ट चांगला आला. मॅडमनी सुस्कारा सोडला आणि तिसऱ्या पायरीची नवी गोळी लिहून दिली, व्होनोप्राझन. "ही तरी लागू पडायलाच हवी," त्या म्हणाल्या. आठवड्याभरात पोट पुन्हा पहिल्यासारखं पेटलं.

आता हिंदुरावाबद्दल. हिंदुराव म्हणजे विमलबाईचा धाकटा भाऊ. गावाकडं काही उरलं नाही म्हणून सोनबानंच त्याला बाजारात आणला, आधी पोती उचलायला लावला आणि मग पुकारायला शिकवला. पण सोनबा उभा असताना त्याच्या वाट्याला गोल्टीचे ढीग यायचे, जिथं भावही बारका आणि मानही बारका. वर गेली दोन वर्षं त्याचाही घसा धरला होता. एकदा सोनबानं भर बाजारात सगळ्यांना ऐकवलं होतं, "आमच्या पावण्याच्या घशात बेडूक बसलंय, पाऊस कवा पडायचा त्ये इचारा त्याला!" बाजार हसला, हिंदुरावही हसला. मेव्हण्याची थट्टा करायची नाही तर कुणाची करायची, असं सोनबाला वाटलं होतं. यंदा मात्र हिंदुरावाचा गळा हळूहळू सुटत गेला. तंबाखू सोडली म्हणून, असं तो सांगायचा.

गुढीपाडव्याच्या सुमाराला उन्हाळी कांद्याची आवक सुरू झाली आणि पहिल्याच मोठ्या बाजाराला व्हायचं ते झालं. उत्तम माल होता, राजगुरुनगरकडच्या एका म्हाताऱ्याचा. बोली रंगली, आणि ऐन चढणीवर सोनबाच्या तोंडातून नुसती हवा आली. तोंड हलतंय, आवाज नाही. म्हातारा टकामका बघत राहिला. तेवढ्यात मागून हिंदुरावानं तीच बोली उचलली आणि सोनबाच्याच चालीवर, सोनबाच्याच शब्दांत शेवटपर्यंत नेली. कांदा चांगल्या भावानं गेला. हिंदुराव लगेच वळला आणि सोनबाच्या पाया पडला. सोनबाच्या डोळ्यांत पाणी आलं. जागा गेली तरी घरातल्याच माणसाकडं गेली, एवढंच त्याला वाटलं. दौलतराव म्हणाले, "सोनबा, मी तुझी जागा मोडत न्हाई. पर हंगाम हाय. तुझा गळा येईस्तवर पावणं उभं ऱ्हातील."

घरी बसून माणसाचं डोकं चालायला लागतं, आणि रिकामं डोकं नेहमी जवळच्याच माणसावर जातं. तीन तऱ्हेच्या गोळ्या झाल्या, पथ्य झालं, दुर्बीण झाली. डॉक्टर शहाणी, रोगी शहाणा, मग मधे राहिलं कोण? गोळ्या विकणारा! सोनबा सरळ किसनच्या दुकानात गेला आणि चार गिऱ्हाइकांपुढं, उरल्यासुरल्या आवाजात, त्याच्यावर तुटून पडला. "डुप्लिकेट माल देतोस मला? केसानं गळा कापलास रं माझा!"

किसन काउंटरमागं उभा होता तसाच राहिला. "मी, सोनबा?" एवढंच तो म्हणाला. मग त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाचा कागद हातात घेतला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पूनमचं दुसरं बाळंतपण आलं. तिला माहेरी यायला जमेना म्हणून विमलबाईच आळंदीला गेली. जाताना तिनं एका प्लॅस्टिकच्या डबीत गोळ्या काढून ठेवल्या. "रोज एक घ्या, इसरू नका," असं दारातून दोनदा सांगितलं. बाळाला कावीळ निघाली, तिचा मुक्काम वाढत गेला.

मधेच सोनबाची काळेवाडीची तारीख आली. मॅडम म्हणाल्या की अजून काही दिवस हीच गोळी चालू ठेवू. किसनशी तर बोलणं बंद. म्हणून सोनबानं दवाखान्याखालच्याच मेडिकलमधून ती घेतली, जन्मात पहिल्यांदा स्वतः. घरी आल्यावर डबीतल्या गोळ्यांवर त्याचा विश्वास नव्हताच, त्या किसनच्या दुकानातल्या होत्या. डबी त्यानं बाजूला सारली आणि नव्या पाकिटातली गोळी रोज आपल्या हातानं घ्यायला लागला.

चार-पाच दिवसांत छातीतली आग विझली. पुढच्या पंधरवड्यात आंबट पाणी वर यायचं थांबलं. आणि एका दुपारी परड्यात शिरलेल्या गाईला हाकलताना त्याच्या तोंडून असा खणखणीत आवाज निघाला की गाय राहिली बाजूला, तो स्वतःच दचकला. मग त्यानं एकट्यानंच ओसरीत उभं राहून सबंध बोली पुकारली. कंपनीच्या गेटवरचा वॉचमन भिंतीवरून डोकावून बघायला लागला.

सोनबाला आनंद झाला, पण त्याहून जास्त संताप आला. म्हणजे किसननं खरंच फसवलं! तो डबी खिशात घालून तडक दुकानात गेला आणि ती काउंटरवर आपटली. "काळेवाडीच्या गोळीनं गळा आला. ही बघ तुझी. आता बोल."

किसननं झाकण उघडलं, एक गोळी तळहातावर घेतली, उलटी केली. मग म्हणाला, "ही त्या औषधाची गोळीच न्हवं. पहिली न्हाई, दुसरी न्हाई, नवीबी न्हाई. ही ताकदीची हाय, व्हिटॅमिनची. वैनी सोताला म्हणून न्हेत्यात दर महिन्याला. तुझ्या गोळ्या त्या येगळ्या न्हेत्यात, त्यांचा रंगबी येगळा."

सोनबाच्या तेव्हा ध्यानात आलं की मॅडमनी तीन तऱ्हेच्या गोळ्या दिल्या, पण पहाटे हातावर पडणारी गोळी बहुतेक पिवळीच असायची.

त्याला आधी हसूच आलं. विमल चवथी शिकलेली, अक्षर लावून वाचणारी. घातला असेल घोळ, झाली असेल अदलाबदल. स्वतः पोटाच्या गोळ्या खाल्ल्या असतील बिचारीनं आणि मला ताकदीच्या चारल्या! आली की चांगली फिरकी घेऊ, असं त्यानं ठरवलं. किसनला मात्र त्यानं हात जोडले. "चुकलं रं माझं." किसन "असू दे" म्हणाला. सोनबानं खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट घेतलं, तर किसननं त्याचं बिल फाडून हातात दिलं. इतक्या वर्षांच्या दोस्तीत त्यानं सोनबाला कधी बिल दिलं नव्हतं.

तो घोळ नव्हता, हे दोनच दिवसांनी कळलं. भर दुपारची वेळ, सोनबा माजघरात चादर पांघरून पडला होता. पुढचं दार लोटलेलं. कुणीतरी आत आलं, हाक न मारता सरळ स्वयंपाकघरात गेलं. डबे सरकल्याचा आवाज आला. सोनबा उठून दारात गेला, तर हिंदुराव फळीपाशी उभा. त्यानं हळदीच्या डब्यामागून बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा काढला होता, बरोबर जागा ठाऊक असल्यासारखा.

"काय शोधताय पावणं?"

हिंदुरावाच्या हातातला डबा पडला आणि फरशीवर गोळ्यांची पाकिटं पसरली. फॅमोटिडीनची होती, पॅन्टोप्राझोलची होती, बरीचशी रिकामी, काही अर्धी. नव्या गोळीची मात्र सगळी रिकामीच. "दाजी..." हिंदुराव म्हणाला, आणि तेवढ्या एका शब्दातही त्याचा आवाज फाटला. मधले काही आठवडे गोळी नव्हती, त्याचा घसा पुन्हा बसला होता. "आक्का कवा येणार हाय?"

"तुला ठाव व्हतं ह्या माझ्या गोळ्या हायेत?"

"मला वाटलं जास्तीच्या हायेत," हिंदुराव म्हणाला. पण ते म्हणताना त्यानं मान वर केली नाही. मग बसक्या आवाजात त्यानं थोडं थोडं सांगितलं. दवाखान्यात जायची त्याला भीती वाटत होती, कारण त्याच्या बापाचा घसा असाच धरला होता आणि तो दुखण्यातून उठलाच नव्हता. किसनच्या दुकानात गेलो तर बाजारभर होईल आणि मग मोठ्या मालावर कुणी उभं करणार नाही, ही दुसरी भीती. आक्का म्हणाली, मी देते. सोनबानं त्याला शिवी दिली नाही. त्यानं पाकिटं गोळा करून डब्यात भरली आणि दाराकडं हात केला.

संध्याकाळी दौलतरावांचा निरोप आला. पावण्याचा आवाज गेलाय, तुझा आलाय असं ऐकतो, उद्याच्या बाजाराला उभा राहा. ज्या निरोपाची सोनबानं पाडव्यापासून वाट पाहिली होती तो आला, आणि त्याला पाणी प्यायचीही इच्छा होईना.

त्याच संध्याकाळी विमलबाई आळंदीहून परतली. बाळ बरं होतं. तिनं पिशवी ठेवली, हातपाय धुतले आणि आत वळली, तर ओट्यावर तो बिस्किटाचा डबा. ती थांबली.

सोनबा पाटावर बसला होता. त्याला ओरडायचं होतं आणि आवाज तर आता भरपूर होता. पण त्यानं हळूच विचारलं, "अदलाबदल झाली का गं? डब्या मिसळल्या का?" ती हो म्हणाली असती तर त्यानं ते मानलं असतं. तिनं हो म्हणावं म्हणूनच तो विचारत होता.

"न्हाई," विमलबाई म्हणाली. "मिसळल्या न्हाईत." ती खाली बसली. "आदी एक दिस तुमाला दिली, एक दिस त्याला. दुखनं एकच, म्हनलं दोघांचं भागंल. पर अर्ध्यानं कुनाचंच भागंना."

"मग दुसरं पाकीट आनायचं! किसनकडं काय गोळ्यांचा दुष्काळ पडला व्हता?"

"आनता आलं आसतं," ती म्हणाली.

"मग?"

"दोघांचाबी गळा उघडला आसता तर त्याला कुनी उभं केलं आसतं?" तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "तुमी उभं ऱ्हायलात की त्याला गोल्टी. तुमाला काय कमी हाय? घर हाय, बँकेत हाय, लेक नांदती. त्याच्या दोन पोरी उजवायच्या हायेत. तुमी जितेपनी जागा सोडली नसती."

"मला मागायचं व्हतंस."

"मागितलं व्हतं. दिवाळीत म्हनलं न्हवतं, एक हंगाम त्याला उभा ऱ्हाऊ द्या? तुमी हसलात. 'बेडकाला उभं करू?' म्हनलात." त्याला काहीच आठवत नव्हतं, पण आपण तसं म्हटलं असणार, हे त्याला पटलं.

मग त्याला दुसरंच आठवलं आणि छातीत पुन्हा आग पडल्यासारखं झालं. "आन् तुकडा तपासाया दिला व्हता तवा? तू देवाम्होरं रडत बसायचीस. तवा तरी?"

"त्या आठवड्यात खऱ्या दिल्या," विमलबाई म्हणाली. तिचे डोळे भरले. "देवाशपथ, रोज खऱ्या दिल्या. रिपोर्ट चांगला आला, मग थांबवल्या."

सोनबा तिच्याकडं बघत राहिला. विसरली म्हणाली असती, घाबरले म्हणाली असती, भावाच्या मायेनं आंधळी झाले म्हणाली असती, तरी त्यानं रागावून, शिव्या देऊन, चार दिवस अबोला धरून सगळं पोटात घातलं असतं. पण नारळ बोलणारी तीच आणि रिपोर्ट हातात पडल्यावर दुसऱ्या पहाटे पुन्हा पिवळी गोळी काढणारीही तीच. तो मरावा असं तिला वाटत नव्हतं, हे खरं होतं. त्यानं गप्प बसावं एवढंच वाटत होतं, हेही खरं होतं. दोन्ही एकाच हातानं झालं. आपला घात झाला, असं त्याला वाटलं, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"तो पुकारायला लागला की मला वाटायचं तुमीच पुकारताय," विमलबाई मधेच म्हणाली. "तुमचीच चाल हाय त्याची."

सोनबा न जेवताच पाटावरून उठला.

पहाटे तो नेहमीच्या वेळेला उठला. बाजाराचा दिवस होता. बाहेर पहिल्या पाळीच्या बसेस उभ्या राहायला लागल्या होत्या आणि हायवेकडून कांद्याच्या ट्रॅक्टरांची घरघर येत होती. त्यानं धोतर नेसलं, टोपी झटकली. विमलबाई आतून आली. इतक्या वर्षांच्या सवयीनं तिच्या उजव्या हातात तांब्या होता आणि डाव्या तळहातावर गोळी. काळेवाडीच्या पाकिटातली. फोडलेलं पाकीटही तिनं मुद्दाम बोटांत धरलं होतं, त्याला दिसावं म्हणून.

सोनबानं हात पुढं केला नाही. तो खुंटीपाशी गेला, पिशवीतून चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं काचा पुसल्या आणि लावला. मग दिवा लावून तो तिच्यासमोर आला, गोळी दोन बोटांत उचलून उजेडात धरली, उलटी केली, पाकिटावरचं नाव अक्षर लावून वाचलं. त्याला वेळ लागला. विमलबाई रिकामा तळहात तसाच पुढं धरून उभी होती.

गोळी बरोबर होती. त्यानं ती तोंडात टाकली, तांब्या तोंडाला लावला आणि निघाला. चष्मा त्यानं खुंटीवरच्या पिशवीत परत ठेवला नाही, सदऱ्याच्या खिशात घातला.